कूस कोणी बदलायची

ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात मी उल्हासनगरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात पायाला वजन बांधून पडले होते. अंबरनाथच्या कारखान्यात जिन्यावरून घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. हाडं मोडलेल्या बायकांच्या त्या वॉर्डात एक नियम होता. लिहिलेला कुठेच नव्हता, पण पाळायचे सगळे. औषध आणि इंजेक्शन सिस्टरचं, बाकी सगळं घरच्यांचं. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं. माझी आई रोज बदलापूर गावातून यायची ती त्यासाठीच.

समोरच्या खाटेवर बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक आजी होती. बांधावरून पडून खुबा मोडलेला. तिचा मुलगा तिला सोडून लगेच परत निघाला, कारण शेतात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू होती. "आवणी उरकली का येतो, आये. हितं सिस्टर हायेत," म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, दवाखाना म्हणजे माणसाची काळजी घेणारच.

आजीच्या शेजारच्या खाटेवर एक सिंधी म्हातारी होती. तिची सून मोठी तोंडाळ, पण हाताला थकवा नाही. सासूची कूस बदलली की न सांगता आजीकडे वळायची. "चलो अम्मा, करवट लो," म्हणत पाठीला पावडर लावायची. सिस्टर वॉर्डच्या दारातूनच विचारायची, "सगळ्यांची कूस बदलली ना?" सून ओरडून सांगायची, "हां सिस्टर, हो गया." सिस्टर पुढे जायची. एवढ्या खाटांना ती एकटीच, धावून धावून तिचे पाय सुजलेले असायचे. हे मला दिसत होतं, नाही असं नाही.

मग सिंधी म्हातारीला घरी सोडलं. जाताना सून आजीच्या गालाला हात लावून गेली. दुसऱ्या दिवशी सिस्टरने दारातून तोच प्रश्न विचारला. कोपऱ्यातल्या एका बाईने आपल्या बहिणीपुरतं "हो" म्हटलं आणि सिस्टर गेली.

मी ओरडले, "सिस्टर, आजींची नाही बदलली." ती लांबूनच म्हणाली, "मावशींना सांगते." मावशी म्हणजे वॉर्डातली आया. ती म्हणाली, "मला एकटीला उचलायची नाही गं." माझ्या आईने एकदा करून पाहिलं, पण आजीचा खुबा दुखला, ती किंचाळली आणि आई घाबरली. मी रोज सांगत राहिले. "तुमचं तुम्ही बघा ना," असंही मग सिस्टरकडून ऐकून घेतलं. माझा संताप व्हायचा. आजीला विचारलं की म्हणायची, "बरी हाय, बाय." दुसऱ्याला काम सांगायची तिला लाज वाटायची.

पुढे आजीच्या खाटेकडून वास यायला लागला. ड्रेसिंग सुरू झालं तेव्हा पडून पडून झालेली पाठीची जखम पार आत गेली होती.

आवणी उरकून मुलगा आला, पिशवीत रानातली करटोली घेऊन. डॉक्टर त्याच्यावर सगळ्या वॉर्डासमोर खेकसले, "आईची कूस बदलायला कुणाला ठेवायला नको? जनावरासारखी टाकून गेलास?" तो हात जोडून उभा राहिला. आजीला ताप भरला होता, ती त्याला ओळखतही नव्हती. त्याच आठवड्यात ती गेली.

न्यायच्या वेळी तो सिस्टरपाशी आला. "माफ करा बाय," म्हणाला, "आयेला तुमच्यावर टाकून गेलो. तुमाला लई तरास झाला." सिस्टरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण चूक तुझी नव्हती, एवढं काही तिच्या तोंडून निघालं नाही. ते मी म्हटलं, खाटेवरून, मोठ्याने. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली. पण मी पाय बांधून पडलेली बाई. त्याला डॉक्टरांचंच खरं वाटलं.