ह्युबर्ट मास्तरांची पावलं

देवबागेत ह्युबर्ट लोबोंना सगळे मास्तर म्हणतात. आम्ही विद्यार्थी मात्र पाठीमागे ‘सरासरी मास्तर’ म्हणायचो. मालवणच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. बांगड्यांची टोपली, वर्गातल्या मुलांची उंची, एसटीला झालेला उशीर, समोर येईल त्याची हा माणूस सरासरी काढायचा. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि आता मीही तोच विषय शिकवते. म्हणजे या गोष्टीत मी नुसती बघ्या नाही, आणि तसा आव आणणारही नाही.

सरांचा भाऊ लिओन बोटीवर तारवटी होता. त्याने एकदा परदेशातून त्यांना आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आणून दिला. विटेएवढा जाड, काळा, वर हिरवट पडदा. बोर्डाच्या परीक्षेत त्याला बंदी, त्यामुळे आम्हाला त्याचा उपयोग शून्य, पण सर तो तुळशीपत्रासारखा हलक्या हाताने वर्गात आणायचे. एका यादीत वर्षं भरायची, दुसऱ्या यादीत मापं भरायची, दोन बटणं दाबली की पडद्यावर ठिपके उमटायचे. आणखी एक बटण दाबलं की त्या ठिपक्यांमधून तिरकी रेघ धावत जायची. पुढच्या वर्षी काय होणार, ते ती रेघ सांगायची. आम्ही तोंडं उघडी टाकून बघायचो. सर म्हणायचे, “रेघेक काय इचारतास? आधी माप कोणी घेतल्यान, कशान घेतल्यान, ता इचारा.”

हेच वाक्य पुढे त्यांच्या उरावर बसलं.

देवबाग म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची पट्टी. समुद्र दरवर्षी थोडी थोडी जमीन खातो, हे तिथे लहान पोरालाही माहीत असतं. किती खातो, हे कोणी मोजत नव्हतं. २०११ साली सरांनी मोजायला घेतलं. त्यांच्या आणि शेजारच्या सीताकाकीच्या कुंपणावर एक माड आहे. नारळी पौर्णिमेचं उधाण ओसरलं की दुसऱ्या दिवशी सर त्या माडाला पाठ लावून उभे राहायचे आणि ओल्या रेघेपर्यंत पावलं मोजत जायचे. टेप का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “टेपेचा दुसरा टोक धरूक माणूस लागता. पावलांक कोण लागणा नाय.” त्यांची मुलगी शॅनन दुबईला, बायको फ्रान्सिस्का दम्याने बेजार. मला ते पटलं.

पहिल्या वर्षी साठ पावलं भरली. २०२३ साली चाळीस. तेरा वर्षांचे तेरा ठिपके त्यांनी मला पडद्यावर दाखवले, काय सुरेख उतरत होते! सरांनी बोटाने हिशेब सांगितला. बारा वर्षांत वीस पावलं गेली, म्हणजे माडापर्यंत यायला दर्याला अजून चोवीस वर्षं. शेवटचे तीन-चार ठिपके तर रेघेच्या जरा वरच होते. “बघ,” ते म्हणाले, “दर्यो दमलो आसा.” मी मान डोलावली. वर ‘सर, हे छापायला हवं’ असंही बोलून गेले. संख्याशास्त्राची प्राध्यापिका ना मी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सीताकाकी तेव्हा ओसरीवरच बसली होती. तिचा नवरा महादू जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्याची होडी माडाखाली पालथी पडून होती. काकीला पर्यटकांसाठी दर्यासमोर एक खोली बांधायची होती. गावात सगळे बांधत होते. पण जागा माडाच्या बुडाशी, म्हणून तिचा जीव घाबरत होता. तिने सरांना विचारलं, “मास्तरांनू, बांधू काय ओ? रवात ती खोली?”

सरांनी कॅल्क्युलेटर तिच्या पुढे धरला. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, रेघ मात्र दिसत होती.

“चोवीस वर्सां खंय जाणा नाय,” सर म्हणाले. “बांध गो, बिनधास्त बांध.”

दिवाळीनंतर तिने महादूची होडी आरोंद्याच्या एका माणसाला विकली आणि खोली बांधली. चिऱ्याची, निळ्या दाराची, पुढे दोन खुर्च्या मावतील एवढी पडवी. पहिलं गिऱ्हाईक पुण्याचं आलं, तेव्हा तिने मला फोन करून सांगितलं. इतकी खूश ती मला महादू गेल्यापासून वाटली नव्हती.

मे महिन्यात खुरसाचं फेस्त आलं, म्हणजे वाडीतल्या क्रुसाचा वार्षिक सण. वाडीतल्या खुरसापासून सरांच्या दारापर्यंत पताकांची दोरी बांधायची होती. दोरी किती लागेल म्हणून सरांनी आपली जुनी वही काढली. पहिल्या पानावर, २०११ सालच्या अक्षरात, लिहिलेलं होतं: ‘खुरीस ते दार, ४८ पावलं. दरवर्षी तपासावे.’ पाऊल बरोबर पडतंय की नाही हे बघायला स्वतःच लिहून ठेवलेलं. चांगला मास्तर असंच करतो. फक्त त्यानंतर तेरा वर्षांत त्यांनी ते एकदाही तपासलं नव्हतं.

त्या दिवशी ते सहज चालले. ऐंशी पावलं भरली.

खुरीस हलला नव्हता. दार हलायचा प्रश्न नव्हता. सर परत गेले, पुन्हा मोजलं, पुन्हा ऐंशी. फ्रान्सिस्काबाई सांगतात की चौथ्या वेळी ते वाटेतच मातीत बसले.

मला फोन आला, “अस्मिता, टेप घेवन ये.”

गुडघे दुखायला लागल्यापासून सरांचं पाऊल दरवर्षी थोडं थोडं आखडत गेलं होतं. पाऊल लहान, म्हणून पावलं जास्त. समुद्र जवळ येत होता आणि सरांच्या वहीत तो होता त्यापेक्षा लांब राहत होता. दर्या दमला नव्हता, दमले होते ते सर. मी दोरीने आणि टेपेने मोजून बघितलं: खुरीस ते दार छत्तीस मीटर, म्हणजे पाऊल तेव्हा पंचाहत्तर सेंटीमीटर, आता पंचेचाळीस. सुरुवातीची साठ पावलं म्हणजे पंचेचाळीस मीटर. शेवटची चाळीस म्हणजे अठरा. चोवीस वर्षं नाही, आठ. तीही दर्याने शहाण्यासारखं वागायचं ठरवलं तर.

मधल्या अकरा वर्षांत पाऊल कुठल्या साली किती होतं, ते कुठल्याच वहीत नव्हतं. म्हणजे ते अकरा ठिपके गेले. उरले दोन, आणि दोन ठिपक्यांतून रेघ जाणारच, त्यात काय शहाणपण? सर कॅल्क्युलेटर मांडीवर घेऊन बसून राहिले. मी म्हटलं, “सर, माझ्याही लक्षात आलं नाही.” ते म्हणाले, “तुका शिकवलंय कोणी?”

मला वाटलं होतं, ते दोन दिवस घेतील. ते तसेच उठले आणि कुंपणापलीकडे गेले. काकी पडवी झाडत होती. सरांनी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता, स्वतःला एक शब्दही न वाचवता. काकीने झाडू भिंतीला टेकवला.

“होडी परत मिळात काय ओ?” एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सर ते गुडघे घेऊन, गाड्या बदलत आरोंद्याला गेले. होडीला नवा रंग होता, नवं नाव होतं, आणि मालक मासे उतरवत होता. “मास्तर, बायलमाणसाक खुळी केलास की काय?” असं तो हसत म्हणाला. सर तसेच परतले. त्या रात्री जेवले नाहीत, असं फ्रान्सिस्काबाईंनी मला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कॅल्क्युलेटर मला देऊन टाकला. सेल काढून, फडक्यात गुंडाळून. “ह्येची काय चूक नाय. घेवन जा.” तो माझ्या टेबलावर आहे. मी नवे सेल घातले, तर आतल्या बटणाएवढ्या राखीव सेलवर यादीतले ते तेरा आकडे जसेच्या तसे टिकले होते. पुसायला एक बटण पुरतं. मी ते अजून दाबलेलं नाही. कधीतरी रेघ काढून बघते. अजूनही सुरेख दिसते आणि मला तिचा संताप येतो.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. दुसरा वाईट गेला. गेल्या नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी देवबागेला गेले, तर सर टेप घेऊन ओल्या रेघेवर उभे होते. टेपेचं दुसरं टोक माडाच्या बुडाशी सीताकाकीने धरलं होतं. दुसरं माणूस मिळालं नसावं, किंवा तिनेच धरते म्हटलं असावं. निळं दार बंद होतं. पावसात गिऱ्हाईक नसतं, आणि लाटेचे शिंतोडे पडवीच्या खांबापर्यंत येत होते.

“कितकी?” काकीने ओरडून विचारलं.

“नऊ मीटर,” सर म्हणाले.

काकीने टेप सोडली नाही. मग जरा हळू आवाजात विचारलं, “मास्तरांनू, तुमच्या पावलांनी कितकी झाली असती?”

सर माझ्याकडे बघेनात. त्यांनी मान खाली घातली आणि मनात भागाकार केला. त्यांना त्याला कॅल्क्युलेटर कधीच लागला नव्हता.

“वीस,” ते म्हणाले.

“वीस काय?” काकी म्हणाली. “मगे आसत अजून.” आणि तिने टेप गुंडाळायला घेतली.