रोशनीबद्दल मी एक वाक्य बोलले होते

रोशनी परवा गेली आणि काल तिच्या घरी बसून मी पुन्हा गप्प राहिले.

डेंग्यू झाला होता. सव्वीस वर्षांची होती.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सहा वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या मुलींनी विद्यापीठाची बास्केटबॉल चॅम्पियनशिप जिंकली. मी कॅप्टन होते. रोशनी अकरा नंबरची जर्सी घालायची.

पेपरात फोटो माझा आला होता. शेवटच्या मिनिटातला बास्केट माझा.

त्याच्या आधी काय झालं, ते पेपरात नव्हतं.

रोशनी शूट फार करायची नाही. समोरून बॉल घेऊन जोरात येणाऱ्या मुलीच्या वाटेत ती आधीच जाऊन, पाय रोवून उभी राहायची. ती मुलगी छातीवर येऊन आदळायची. फाउल तिचा, बॉल आमचा.

आणि रोशनी सिमेंटच्या कोर्टवर पाठीवर पडलेली.

स्कोअरशीटवर यातलं काहीही तिच्या नावापुढे लिहिलं जात नाही.

कोर्टाबाहेरची पोरं तिला स्पीडब्रेकर म्हणायची. ती कोपराला लागलेली धूळ झटकत म्हणायची, "मंग हळू चालवा म्हणा गाडी."

फायनलला आम्ही एका पॉइंटने मागे होतो. समोरच्या टीमची सगळ्यात उंच मुलगी चार फाउलवर खेळत होती. अजून एक झाला की ती बाहेर. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली एकटी रोशनी.

पाचवा फाउल. ती मुलगी बाहेर गेली. बॉल आमच्याकडे आला आणि मी बास्केट केला.

रोशनी उठून उभी राहीपर्यंत सगळ्यांनी मला उचललं होतं.

त्याच संध्याकाळी ग्राउंडवरच्या ऑफिसात विद्यापीठाच्या टीमचं सिलेक्शन होतं. माझं नाव आधीच आलं होतं. आमचे सर बाहेर गेले होते, म्हणून कॅप्टनला आत बोलावलं.

एक जागा शिल्लक होती. रोशनीला ती हवी होती. विद्यापीठाकडून खेळलं की बी.पी.एड.ला प्रवेश सोपा होईल आणि मग आपल्या गावी, राळेगावलाच एखाद्या शाळेत खेळ शिकवायचा, असं तिचं ठरलेलं होतं.

सिलेक्शनवाले सर शीट बघत म्हणाले, हिचे चार मॅचमध्ये सहाच पॉइंट दिसतात. ही नेमकं करते काय?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तशा मोठ्या माणसांसमोर खुर्चीवर बसायची ती माझी पहिलीच वेळ. मला त्यांच्यासारखं बोलायचं होतं. त्यांनी हसावं असं वाटत होतं.

मी म्हणाले, "सर, ती फक्त पडायचं काम करते."

सगळे हसले.

रोशनी दारात उभी होती. माझ्यासाठी तर्री-पोह्यांची प्लेट घेऊन आली होती. तिने प्लेट टेबलावर ठेवली आणि गेली.

जागा दुसऱ्या कॉलेजच्या मुलीला मिळाली.

परतताना एसटीत मी तिच्याजवळ जाऊन बसले. मजाक केली वं, म्हणाले.

"माहीत हाये मले," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "पण ते सर तं मॅच पाहून राह्यले होते ना? त्यायलेबी तसंच वाटलं असन का?"

मी तिला तेव्हा सांगू शकत होते, की तू नसतीस तर आपण सेमीफायनललाच हरलो असतो. मी खिडकीबाहेर बघत बसले.

बी.पी.एड.चा फॉर्म तिने भरलाच नाही. राळेगावला कापडाच्या दुकानात लागली. पुढे कुणी त्या ट्रॉफीचा विषय काढला की तीच हसत सांगायची, मी तं पडायलेच होती टीममधी.

माझं वाक्य. तिने ते खरं मानलं.

बी.पी.एड. मी केलं. आज दारव्ह्याला एका शाळेत शिकवते. वाटेत पाय रोवून कसं उभं राहायचं, हनुवटी कशी आत घ्यायची, पडताना हात कुठे ठेवायचे, हे मुलींना मीच दाखवते. मॅडम, तुम्ही हे कुठे शिकलात, असं मुली विचारतात. मी म्हणते, प्रॅक्टिसने येतं.

एकदाही तिचं नाव घेतलं नाही.

काल तिच्या घरी गेले. अंगणात पाहुणे बसले होते. तिच्या आईने मला हाताला धरून त्यांच्यापुढे नेलं.

"हे रोशनीची कॅप्टन. आता मॅडम हाये. आमच्या पोरीले कुठं खेळता येत होतं, हिनंच सांभाळून घेतलं तिले."

पाहुण्यांनी मला हात जोडले.

आणि मीही हात जोडले. एवढंच केलं.

रात्रभर तेच डोळ्यांपुढे आहे. आपली मुलगी चॅम्पियन होती हे आईला माहीतच नाही, आणि ते माझ्यामुळे.

इथे लिहून माझी सुटका होणार नाही, हे कळतं. तिच्या आईला, काकूंना, वाचता येत नाही. म्हणून आज शाळेत रजा टाकली आहे. सकाळच्या एसटीने राळेगावला निघते आहे. पाहुणे अजून तिथेच असतील. असू देत. त्यांच्यासमोरच सांगायचं आहे.

काकूंनी घराबाहेर काढलं तर अंगणात उभी राहून सांगेन.

रोशनी, ती चॅम्पियनशिप तू जिंकून दिलीस.

तुला मान खाली घालून शेवटचा नमस्कार.