दक्षिणेची भिंत
शेजारच्या फ्लॅटमध्ये ड्रिल सुरू झालं आणि सिमेंटच्या भुकटीचा वास खिडकीतून आत आला, की मला वाशीममधला आमचा पहिला फ्लॅट आठवतो. आई गेल्यावर बाबा मेडशीचं घर विकून आमच्याकडे आले, ते तिचा फोटो छातीशी धरूनच. गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लागतो, त्यामुळे दुसरी भिंत त्यांना चालणार नव्हती. आमच्या त्या भिंतीमागं नेमकं बाथरूम होतं. नवऱ्यानं स्विचबोर्डाच्या सरळ वरचा भाग वायरच्या भीतीनं सोडला, पलीकडे जाऊन नळाची उंची पाहिली, भिंत बोटांनी ठोकली, मग ड्रिल टेकवलं. आधी कोरडी, पांढरी भुकटी पडली. थोड्या वेळानं ती ओली, करडी यायला लागली, तसा त्यानं झटकन हात मागं घेतला. "बाबा, आत पाइप आहे. समोरच्या भिंतीवर लावूया का?" बाबांनी ती ओली भुकटी चिमटीत घेतली, वास घेतला. "राहू द्या जावईबापू. मेडशीच्या घरात कोन्त्या भितीत काय हाय, मले अंधारात सांगता येत होतं. तेच घर इकलं मी. आता तिले जागा कुठून आनू?" फोटो त्यांनी उशाशी ठेवला आणि शेवटपर्यंत तो तिथंच राहिला. आताच्या घरातली दक्षिणेची भिंत चांगली कोरडी आहे. आत वायर नाही, पाइप नाही, मी स्वतः ठोकून पाहिली. तिच्यावर दोन फोटो लावले आहेत.