सतरंजी मागं घेणाऱ्या आक्का

सगळ्यात आधी कोण आलं म्हणाल, तर आमची शेजारीण सुमन. काठ बघायला तालुक्याहून साहेब येणार, म्हणून चहाचं पातेलं घेऊन ती मांजरा नदीवर हजर. साहेबांचा पत्ता न्हाई. आमच्या माजी सरपंच पार्वतीआक्का मात्र तिच्या मागोमाग येऊन सतरंजी अंथरून बसल्या. त्यांना पंच्याहत्तर पूर्ण झाली, म्हणून हा गौरवग्रंथ. त्यात मीही लिहावं, असं गाववाले म्हणाले. दुसरीपर्यंतच शाळा शिकलेली बाई मी, लई आनंद झाला. नातवंडांना दाखवीन.

आमची ओळख नदीवरचीच. मी पंचायतीत नवी सदस्य, शाळेतलं विसरलेलं, सही येईना. आक्कांनी माझं बोट धरून काठच्या वाळूत नाव गिरवून घेतलं. पाण्यानं पुसलं की हसून म्हणायच्या, "काढ पुन्हा." आता ती वाळू न्हाई. ट्रॅक्टर भरभरून गेली, आणि काठ ढासळायला लागला.

ग्रामसभा त्या कधी कचेरीत घेत नसत. केजच्या बाजारातली ही सतरंजी गावाच्या विहिरीपुढं, नदीच्या कडेला टाकायच्या. "आत बसून काठ दिसत न्हाई," म्हणायच्या. दर पावसाळ्यानंतर सतरंजी थोडी मागं घ्यावी लागे. एकदा तर ट्रॅक्टरपुढंच अंथरली. डायवर ओरडला, "आक्का, सरका, माझं भाडं बुडतंय!"

"आन् आमची हीर ढासळतीया, तिचं काय रं?"

तो त्या दिवशी गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेनं आला.

आक्कांनी ठराव केले, पहारा बसवला, माती धरायला कडेनं निरगुडी लावली. पद गेलं तसा पहारा उठला. निरगुडी पुरानं नेली. आता सतरंजी विहिरीच्या कठड्याला टेकलीय, मागं जागाच न्हाई. विहीर गेली तर गावानं प्यावं काय? म्हणून सरकारकडं काठाला भिंत मागितलीय.

साहेब दुपारी आले. आक्कांना हार घातला, चहा घेतला.

"बसा की," आक्का म्हणाल्या.

"पायात बूट हायत, आक्का."

"मग भिंतीचं उभ्यानंच सांगा."

मोजमाप करू म्हणाले. आधीचे साहेबही तेच म्हणाले होते.

आक्कांना बिनदुखण्याचं, लांब आयुष्य मिळो, एवढं देवाला मागते. विहिरीसाठी काय मागावं, ते सुचत न्हाई. आक्कांनी सतरंजी अजून उचललेली न्हाई. साहेब सोमवारी परत येतो म्हणून गेलेत.