मिरचीची पाळी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, बाजारात एकट्यानं खाल्लेली भजीसुद्धा नाही. पण हे लपलं. आज तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी नांदुऱ्याकडच्या एका बाजार आवारात हमाल आहे. पोती उचलून उचलून मान खांद्यात गेली, तोंड मात्र पहिल्यापासून चालू. चहाच्या टपरीवर माझ्यासारखा शूर माणूस नाही. आमची हमालांची संघटना आहे, तिच्या टोळ्या आहेत, आणि आलेली गाडी कोणी उतरवायची ते पाळीनं ठरतं. गहू, तूर, हरभरा — त्याचं कोणाला काही वाटत नाही. मिरचीचं मात्र सगळ्यांनाच नको असतं. पोतं पाठीवर घेतलं की तिखट घामात उतरतं, डोळे जळतात, ठसक्यानं जीव नकोसा होतो. आणि मिरचीची गाडी फाटकात आली की अध्यक्षांच्या टोळीची पाळी कशी कोण जाणे, पुढे सरकायची. आमच्यावर यायची.

सुखदेव माझ्याच टोळीतला. त्याला दमा होता, आणि आवारात ते फक्त मला ठाऊक होतं. डॉक्टरकडे मीच नेलं होतं ना. छाती अधू असलेला हमाल कोणती टोळी ठेवून घेईल? म्हणून तो दम्याचा पंप बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचा आणि पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन ओढायचा. मी बाहेर उभा राहून राखण करायचो. इतका विश्वास.

मिरचीची पाळी सगळ्या टोळ्यांवर सारखी फिरावी, हे सभेत मांडायचं त्याच्या मनात होतं. त्याला चढवला मीच. "बोल ना बे, मी हाओ तुह्या मांगं," असं म्हणालो. टोळीतल्या एकानं अडवलंही, अध्यक्षाशी वाकडं कशाला घेतोस म्हणून. त्यावर सुखदेव म्हणाला, "मालकाले त सारेच बोलतात. संघटना आपली हाये. इथं नाई बोलाचं त मंग कुठं बोलाचं?" मला ते पटलं होतं. पटलं नसतं तर आज एवढं खुपलं नसतं.

सभेत तो उभा राहिला. नीट बोलला. कोणाचं नाव घेतलं नाही, कोणाला चोर म्हटलं नाही. दोन-चार माना हलल्यासुद्धा. अध्यक्ष चिडले नाहीत. चिडले असते तर मी कदाचित — नाही, ही सबबही नको. ते माझ्याकडे वळले आणि अगदी गोडीत म्हणाले, "काऊन रे शालिग्राम, तुही टोळी बी तेच हाये. तुले तरास हाये काय?"

दम दिला नव्हता हो कोणी. गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं हाही भित्रेपणाच, पण तेवढ्यावर भागलं असतं. मी काय केलं? उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "मले काही तरास नाही भाऊ. त्याले दमा हाये. छाती काम देत नाही, म्हनून पाळीचं नाव पुढं करून राह्यला."

हशा पिकला. मीही हसलो.

सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं. यानंच मला उभं केलं, एवढं एक वाक्य तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. खाली बसला.

हंगाम संपायच्या आत त्याला टोळीतून काढलं. दुसऱ्या कोणी घेतलं नाही. आता तो दाभण-सुतळी घेऊन पोत्यांची तोंडं शिवतो — मिरचीच्या पोत्यांचीसुद्धा. मला संघटनेच्या कार्यकारिणीत घेतलं. मी नको म्हणालो का? तेही नाही.

संघटनेत तोंड उघडणारा संघटना फोडतो, असं आमच्यात बोलतात. मीही चारचौघांत तसंच बोलत आलो. खोटं आहे ते. सुखदेवला ती स्वतःची वाटत होती, म्हणून तो बोलला. मला ती अध्यक्षांची वाटत होती आणि मला त्यांच्या मर्जीत राहायचं होतं.

तो अजून भेटतो. पोरांची चौकशी करतो. त्यानं तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. एरवी बडबड करणारं हे तोंड तिथे उघडतच नाही.

परवा सभा झाली. मी अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. मिरचीची पाळी आहे तशीच चालू ठेवायचा ठराव आला. कोणाले काही बोलायचं हाये काय, असं मीच विचारलं. मग मागून, भिंतीजवळच्या पोती शिवणाऱ्यांतून, सुखदेवचा हात वर गेला. मी घाबरलो — आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. वाटलं, बोलणार आता हा.

तो बोलला नाही. ठराव मंजूर आहे, हे सांगायला त्यानं सगळ्यांच्या आधी हात वर केला होता.