गवताचा डेक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. आणि निखिलला तर — त्याला कसं सांगणार? तो माझा नवरा आहे, आणि जे केलं ते त्याच्याशीच केलं.

ऐकून हसाल कदाचित. गोष्ट पत्त्यांच्या खेळाची आहे. रमी नव्हे — ती चित्रातल्या प्राण्यांची कार्डं असतात ना, कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी गवताचा? आपला डेक, म्हणजे कार्डांचा संच, आपण जुळवायचा आणि समोरच्याशी लढायचं. वर्ध्याला कॉलेजात असताना आम्ही काही जण त्याचे वेडे होतो. रविवारी एका दुकानाच्या वरच्या खोलीत जमायचो, तर्री-पोहे खायचो, खेळायचो. मुलगी मी एकटीच. मी आर्वीची, निखिल हिंगणीचा. तो फक्त गवताचा डेक खेळायचा. "आमच्या इकडं जंगलच हाय, मी दुसरं काय खेळू?" म्हणायचा. मी बाकी सगळ्यांना हरवायचे आणि त्याच्याकडून हरायचे. दर वेळी. जिंकल्यावर तो मिरवायचाही नाही — ते जास्त झोंबायचं. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. फक्त तसं होतं.

एकदा दुकानदारानं जाहीर केलं, की इथं जो जिंकेल तो नागपूरच्या मोठ्या स्पर्धेला जाईल. एकच जण. शेवटी निखिल आणि मीच उरणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

एकाच टाइपचा डेक भरधाव चालतो, पण त्याचं मरणही ठरलेलं असतं. गवताचं मरण म्हणजे आग. आमच्यात आग कुणी खेळत नव्हतं, तरी निखिलनं सावधगिरी म्हणून थोडी पाण्याची कार्डं घालून ठेवली होती. आणि स्पर्धेच्या आधी, कॉलेजच्या कट्ट्यावर, त्यानं तो अख्खा डेक माझ्यापुढं पसरला. जिच्याशी लढायचं तिच्यापुढंच! असं कोण करतं?

"सांग नं, हे पाण्याचे ठेवू का काढू?"

मी — इथं मी नेहमी अडखळते, मनातल्या मनात सांगतानासुद्धा — मी म्हणाले, "काढून टाक. मिसळशील तर ऐनवेळी नको ते हातात येईल. एकाच टाइपवर भरवसा ठेव."

"तू म्हणते तं काढतो," तो म्हणाला, आणि तिथंच काढली.

त्या वेळी माझ्या खोलीवर आगीचा डेक तयार होता. कुणाला न सांगता, एकेक कार्ड मागवून जुळवलेला. त्यालाच हरवायला.

फायनल किती वेळ चालली म्हणता? चहा निवला नाही. त्याची झाडं एकामागून एक जळत गेली आणि तो माझ्याकडं बघत राहिला, कौतुकानं.

"काऊन वं, आग कधीपासून?"

"आज सकाळीच सुचलं. भावाची कार्डं होती पडलेली."

माझा भाऊ कधी हा खेळ खेळलेला नाही. पण निखिलनं टाळी दिली. नागपूरला तो माझ्यासोबत आला, माझी बॅग धरून. मी पहिल्याच फेरीत हरले. परतीच्या एसटीत तो माझी समजूत घालत होता — तो, माझी! तेव्हा सांगता आलं असतं. सेलू आलं, गेलं, वर्धा आलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

पुढं त्यानं मागणी घातली. आमच्या घरच्यांसमोर त्याला कुणीतरी विचारलं, हीच का? तर म्हणाला, "हिनं मले समोरून हरवलं. फसवून नाई. अशी माणसं भेटत नाई." माझ्या बाबांना ते इतकं आवडलं की त्यांनी डोळे पुसले. त्या खोलीतून मी उठून कुठं जाणार होते?

तेव्हापासून हे चाललंय. दिवाळीला, बारशाला, पाहुणे आले की तो ती फायनल रंगवून सांगतो. कुठं हसायचं ते मला पाठ आहे. सासूबाई शेजारणींना सांगतात, आमची सून खोटं बोलत नाही. मी पदर सावरून चहा टाकायला जाते. तुम्हीच सांगा, कोणत्या वाक्यानंतर तोंड उघडायचं? जितकी वर्षं गेली तितकं ते मोठंच होत गेलं. आता ते एका खेळाचं राहिलेलंच नाही.

गेल्या महिन्यात ओवीनं, आमच्या मुलीनं, त्याची जुनी कार्डं माळ्यावरून काढायला लावली. दुसरीत आहे ती. सतरंजीवर हिरवी सगळी एकीकडं केली आणि विचारलं, "बाबा, फक्त हीच घेऊ?"

"आईले विचार," तो म्हणाला. "तिचा सल्ला पक्का राह्यते."

ओवीनं मान वर केली. तिला मी — तिला मी खोटं सांगू शकले नाही. "थोडी पाण्याची घाल," म्हणाले. "नाहीतर आग आली की सगळं जळेल."

कार्डं चाळता चाळता निखिलचा हात थांबला. "मले तं काढून टाक म्हणली होती तू."

तो रागावला नव्हता. नुसता आठवत होता. दार उघडं होतं, एक पाऊल टाकायचं होतं. आणि मी काय केलं?

"तेव्हा मला तरी कुठं कळत होतं," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. त्याला पटलं. लगेच पटलं.