लूझच्या मयतीचं जेवण

व्हर्ना टॉलफसनच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं सगळं स्टेनडाल म्हणायचं, आणि ते खोटं नव्हतं. नॉर्थ डकोटातल्या त्या एवढ्याशा गावात तिने नवऱ्याबरोबर टर्की पाळून संसार केला. तो गेल्यावर तिने पक्षी विकून टाकले, आणि चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर तेवढं तिचं राहिलं. गावात कुणी वारलं की दफनानंतरचं जेवण तिच्या हातचं असायचं. भाजलेलं हॅम, साय घालून शिजवलेले बटाटे, सफरचंदाचा केक.

परदेशातून कामासाठी आलेली लूझ मारिन मार्चमध्ये वारली. कारखान्यात टर्की कापायचं काम करायची. दर रविवारी मुलीला घेऊन शेवटच्या बाकावर बसायची, आणि उपासना संपली की कुणी न सांगता खुर्च्या आवरायची. तिच्या दफनाच्या सकाळी व्हर्ना तळघरात उतरली, तर टेबलावर कागदी पेले आणि दुकानातल्या बिस्किटांचे पुडे. चूल थंड.

महिला मंडळाची अध्यक्ष कॉरिन ॲस्पलंड मंडळाच्या बायकांबरोबर तिथेच उभी होती. तिच्या नवऱ्याचं ट्रॅक्टरचं दुकान होतं, आणि आदल्याच महिन्यात तिच्या सासूच्या मयतीला कपाटातल्या चिनीमातीच्या ताटल्या झाडून बाहेर निघाल्या होत्या.

"त्यांचं जेवण वेगळं असतं गं, व्हर्ना," कॉरिन म्हणाली. "तिखट-बिखट. आणतील ते आपलं आपलं. आपण करायचं आणि वाया जायचं."

"विचारलंस त्यांना?"

कॉरिनने विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. व्हर्नाची कानशिलं तापली. ती सरळ फ्रीजरकडे गेली आणि ईस्टरच्या न्याहारीसाठी ठेवलेलं हॅम तिने ओट्यावर आदळलं. ते मंडळाचं आहे, कॉरिनने बजावलं.

"लूझ कुणाची होती मग?" व्हर्नाने विचारलं. "वर पाळकसाहेब तिला बहीण म्हणणार, आणि खाली आपण बहिणीच्या लेकीच्या हातात बिस्कीट ठेवणार. लाज वाटत नाही तुला? तुझी सासू काय जास्त मेली होती?"

कॉरिन पांढरीफटक पडली आणि कोट उचलून निघून गेली. तिच्यामागे बाकीच्या बायकाही गेल्या. राहिली एकटी म्हातारी इंगा, तीही बहुतेक काही ऐकू न आल्यामुळे. दोघींनी बटाटे सोलले. हॅम मधून गारच राहिलं म्हणून व्हर्नाने ते पातळ कापून तव्यावर परतलं. लूझची बहीण अंपारो लूझच्या लेकीला आणि कारखान्यातल्या पाचसहा जणांना घेऊन आली, आणि चिनीमातीची ताटली बोटांनी हलकेच फिरवून पाहत राहिली. काहीच वाया गेलं नाही. शेवटी पाळकसाहेबांनी मंडळाच्या प्रेमळ सेवेबद्दल आभार मानले, तेव्हा व्हर्नाला हातातला डाव त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

पुढच्या सभेत मंडळाने तिच्याकडून स्वयंपाकघराची किल्ली काढून घेतली. व्हर्ना रविवारी येत राहिली, पण लूझच्या बाकावर बसू लागली, आणि कॉरिन समोरून आली की तोंड फिरवायची.

ऑक्टोबरात कॉरिनचा मुलगा तुरुंगात वारला. धान्य विकून देतो म्हणून त्याने गावातल्या कितीतरी घरांना बुडवलं होतं. इंगाने व्हर्नाला फोन करून सांगितलं, की जेवणाला कुणीच हात लावायला तयार नाही. एकीची कंबर धरली होती, दुसरीकडे पाहुणे येणार होते.

ऐकून व्हर्नाला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. तिने कॉफी ओतून घेतली आणि खिडकीशी बसली. आता कळेल बाईसाहेबांना, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज कानावर पडताच कप तिथेच ठेवून उठली. हा कॉरिनचाच हिशेब झाला. कुणाला जेवण, कुणाला बिस्कीट, ते आता मी ठरवते आहे. तिला स्वतःचा असा संताप आला, की बटाटे सोलताना तिने बोट कापून घेतलं.

सगळं तिने घरीच रांधलं, पातेली गाडीत घातली आणि पाळकांकडून तळघराचं दार उघडून घेतलं. लोक थोडेच आले. अंपारोने ताटं वाढायला मदत केली. कॉरिन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. 

"माझा राग गेलेला नाही," व्हर्ना तिच्याकडे न बघता म्हणाली. "जाईल तेव्हा जाईल. तू बस. कालपासून काही खाल्लं नसशील."

कॉरिन तिथल्याच स्टुलावर बसली. व्हर्नाने सगळ्यांना वाढलं होतं तेवढंच तिच्या ताटलीत वाढलं, आणि पातेली घासायला घेतली.